सूत्रधाराचे नगर : भूमिकाखेळांतील कल्पित शहरे आणि त्यांचे स्थलनियम

१

साहित्यातील नगर हा विषय तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. बोदलेअरचे पॅरिस, डिकन्सचे लंडन, जॉइसचे डब्लिन यांवर विपुल लेखन झाले आहे. इतालो काल्विनो यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, इंग्रजीत 'इन्व्हिजिबल सिटीज' या नावाने गेलेल्या ग्रंथातील पंचावन्न कल्पित नगरे तर आपल्या अभ्यासक्रमांत स्थिरावली आहेत. परंतु गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजी भाषेत नगरवर्णनाचा आणखी एक प्रकार वाढीस लागला. तो शेकडो पुस्तकांतून विस्तारला, त्याला आपले अभिजात ग्रंथ आणि आपले वाद लाभले, आणि तरीही साहित्याभ्यासाने त्याची दखल क्वचितच घेतली. ज्यांना इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, त्या खेळांसाठी रचलेली ही नगरे होत. प्रस्तुत लेखात या खेळांना 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. एका टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांपैकी एक जण जगाचे वर्णन करतो आणि वाटेत भेटणाऱ्या सर्व गौण पात्रांच्या तोंडून बोलतो. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' किंवा 'गेम मास्टर' असे नाव आहे. आपल्या नाट्यपरंपरेतील 'सूत्रधार' ही संज्ञा त्याला बरीचशी लागू पडते. उरलेल्यांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि 'मी आता काय करतो' ते सांगतो. कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. खेळ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात रूढ अर्थाने कोणी जिंकत नाही. या प्रकाराचा आद्य मुद्रित खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून 'टीएसआर' या संस्थेने प्रकाशित केला.

आरंभीच्या या खेळाचे मुख्य स्थळ म्हणजे भुयार. नगर त्यामानाने उशिरा आले, आणि ते येताच एक अडचण उभी राहिली. भुयारात दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. नगरात मात्र खेळाडू कोणत्याही दारावर थाप मारू शकतो, कोणत्याही दुकानदाराशी हुज्जत घालू शकतो. तेव्हा सूत्रधाराला साहाय्य करणारे नगरग्रंथ निर्माण झाले. त्यांपैकी काही नगरे खेळाडूंच्या मनात तीस-चाळीस वर्षे टिकून आहेत, एखाद्याने तरुणपणी वास्तव्य केलेल्या गावासारखी. तितक्याच परिश्रमाने, कधी त्याहून अधिक तपशिलाने रचलेली इतर अनेक नगरे मात्र विस्मृतीत गेली. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

तपशिलाचे वैपुल्य हे स्मरणीयतेचे कारण असावे, असा एक समज या खेळाच्या रसिकांत आढळतो. मला तो पटत नाही. माझ्या मते स्मरणात राहते ते नगर, ज्याला स्वतःचा एक स्थलनियम आहे. स्थलनियम म्हणजे त्या नगरापुरताच लागू असलेला, एका वाक्यात सांगता येणारा, आणि ज्यातून ग्रंथात न लिहिलेला प्रसंगही आपोआप निष्पन्न होऊ शकतो असा नियम. काल्विनोच्या नगरांनाही असे नियम आहेत, हे कोणाच्याही लक्षात येईल. तेथे मार्को पोलोने नगर सांगितले की ते पूर्ण होते. खेळाच्या नगराची सांगता ग्रंथात होत नाही, कारण त्यात अनोळखी माणसे येऊन वागणार असतात. नियमाला येथे काम करावे लागते.

२

या नगरांचे मूळ पाहू गेल्यास ते बहुतांशी एका कथाकाराच्या नगरात सापडते. फ्रिट्झ लायबर यांचे फाफर्ड आणि ग्रे माउझर हे दोन साहसवीर १९३९ साली 'अननोन' या अमेरिकन मासिकातून प्रथम अवतरले. त्यांच्या कथांतील लांखमार हे नगर धुके, धूर, मद्यगृहे आणि चोरांचा संघ यांसाठी प्रसिद्ध आहे. चोरांनी रीतसर संघ स्थापून, शिकाऊ उमेदवार ठेवून, आपला धंदा एखाद्या व्यापारी श्रेणीसारखा चालवावा ही कल्पना पुढे भूमिकाखेळांत इतकी रुळली की आज तिचा उगम कोणी विचारतही नाही.

लांखमारचा खरा स्थलनियम मात्र वेगळा आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'लीन टाइम्स इन लांखमार' या कथेत 'देवांचा रस्ता' नावाचा एक लांब रस्ता येतो. नगरात नवा देव आला की त्याचे ठाणे रस्त्याच्या हलक्या टोकाला पडते. भक्त वाढले, दक्षिणा वाढली, की तो देव एकेक पाऊल पुढे सरकतो. भक्त आटले की मागे लोटला जातो. फाफर्ड अशाच एका किरकोळ देवाचा सेवक बनतो, आणि त्याचा मित्र माउझर त्याच रस्त्यावरील देवळांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळीत नोकरी धरतो. कथा विनोदी आहे, परंतु नियम गंभीर आहे. श्रद्धेचा बाजारभाव रस्त्याच्या लांबीवर मोजण्याची ही युक्ती ज्याला एकदा कळली, तो लायबरने न लिहिलेला देवही त्या रस्त्यावर आणून बसवू शकतो.

टीएसआरने १९८५ साली लांखमारवर स्वतंत्र नगरग्रंथ काढला. त्याच्या नकाशात एक गोष्ट लक्षणीय आहे. मुख्य रस्ते छापलेले आहेत, पण इमारतींच्या रांगांमागील काही भाग जाणूनबुजून कोरे सोडले आहेत. तेथील गल्लीबोळांचे सुटे नकाशे दिलेले असून सूत्रधाराने त्यांतील हवा तो त्या कोऱ्या जागी बसवावयाचा असतो. नगराचा दर्शनी भाग सर्वांना समान, अंतर्भाग प्रत्येक टेबलावर निराळा. संहितेतील रिकाम्या जागांविषयी वाचककेंद्री समीक्षेने जे सांगितले, ते येथे अक्षरशः कागदावर उतरले आहे.

त्याआधीच, १९७६ साली, इलिनॉय राज्यातील 'जजेस गिल्ड' या छोट्या प्रकाशनाने बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांच्या पुढाकाराने 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे नगर प्रसिद्ध केले होते. भूमिकाखेळासाठी स्वतंत्रपणे विकले गेलेले हे पहिले नगर मानले जाते. भला मोठा नकाशा, आणि सोबत रस्त्यांनुसार लावलेली दुकानांची यादी: येथे अमुक लोहार, त्याचे सामर्थ्य इतके, पेटीत नाणी इतकी, आणि कित्येक नोंदींच्या शेवटी एखादी अफवा. गद्य म्हणून हे लेखन रूक्ष आहे, कोठे कोठे हास्यास्पदही. तरी मराठीच्या अभ्यासकाला ते सर्वस्वी परके वाटू नये. महानुभावांची 'स्थानपोथी' आठवून पाहावी. चक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे घडले त्या गावांची, देवळांची, मठांची नोंद या ग्रंथात दिशा आणि अंतरे यांसह केलेली आहे: द्वार कोणत्या दिशेस, त्यापासून अमुक बाजूस काय. त्यात कथानक नाही. कथानक 'लीळाचरित्रा'त आहे. स्थानपोथी हाती घेऊन चालणाऱ्या भक्ताच्या स्मरणात ते जागे होते. अर्थात दोहोंचा परस्परसंबंध सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. एका ग्रंथातील स्थाने घडून गेलेल्या पवित्र कृतींची आहेत, दुसऱ्यातील अद्याप न घडलेल्या आणि बहुधा अपवित्र कृतींची. पण स्थळांची यादी हा एक वाङ्मयप्रकार असू शकतो, आणि तिचा वाचक हा चालणारा असतो, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नव्याने शिकावी लागत नाही.

३

कालक्रमाने ब्लेडसॉच्या नगराच्याही आधीचे, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वाधिक विचारार्ह नगर म्हणजे जकाल्ला. १९७५ साली टीएसआरने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ प्रकाशित केला. टेकुमेल या कल्पित ग्रहावरील त्सोल्यानू साम्राज्याचे हे जग. त्याचे कर्ते मुहम्मद अब्दुर रहमान बार्कर (१९२९-२०१२) हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते. उर्दू आणि बलुची भाषांची त्यांची पाठ्यपुस्तके १९६०च्या दशकात प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी त्यांनी ओरेगॉनमधील क्लॅमथ या आदिवासी भाषेचे व्याकरण, कोश आणि संहिता सिद्ध केल्या होत्या. तरुणपणी ते भारतात आले होते आणि येथेच त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. उर्दूच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना ज्यांचे नाव पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ठाऊक होते, त्यांनीच हे जग रचले होते, ही गोष्ट आपल्या विद्याशाखांना आजही फारशी माहीत नाही.

बार्कर यांनी या जगासाठी त्सोल्यानी ही भाषा रचली, तिची लिपी आणि व्याकरण रचले. समोरच्या व्यक्तीचा दर्जा, पद आणि नाते यांनुसार मध्यम पुरुषी सर्वनामाची अनेक रूपे त्या भाषेत आहेत. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत दिवसभर निवड करीत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील मौज लगेच कळावी. इंग्रजी खेळाडूंना ती एका नव्या जगाची विलक्षण खूण वाटली.

जकाल्ला हे त्या साम्राज्यातील प्राचीन बंदर. खेळाच्या मूळ नियमांनुसार खेळाडूंची पात्रे ही परदेशी, रानटी समजल्या जाणाऱ्या मुलुखांतील असतात. ती एका लहानशा गलबतातून जकाल्लाच्या धक्क्यावर उतरतात आणि त्यांना परकीयांच्या वस्तीतच राहावे लागते. नगरात मोकळेपणाने फिरण्याचा अधिकार त्यांना नाही. रीतिरिवाज ठाऊक नसल्याने एखादा अपमान नकळत घडला तर शिक्षा भयंकर आहे. कोणी कुळाचा आश्रय मिळवून दिला, कोणा सरदाराची चाकरी लाभली, तरच दारे हळूहळू उघडतात. अन्य नगरांत खेळाडू हा जन्मतःच नायक असतो. येथे तो परका असतो. वाचकाचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकरूप होते, आणि नगर समजून घेणे हेच कथानक ठरते. स्थलांतराच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या मांडणीकडे अवश्य पाहावे.

जकाल्लाचा दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटतो. त्सोल्यानूमध्ये 'दित्लाना' नावाचा विधी आहे. पाचशे वर्षांनी नगर विधिपूर्वक बुजवावयाचे आणि त्याच्याच माथ्यावर नवे उभारावयाचे. परिणामी प्रत्येक जुन्या नगराखाली मागील नगरांचे थर आहेत: देवळांची तळघरे, विसरलेल्या थडग्यांच्या रांगा, बंद पडलेले रस्ते. नगराखाली भुयारे का असावीत या प्रश्नाला इतर खेळांत कोणी वेडा जादूगार हे उत्तर असते. बार्कर यांनी त्याला संस्कृतीतून उत्तर दिले. साहस करावयास भूमिगत होणारे पात्र येथे आपल्याच जगाच्या इतिहासात उतरते. पुरातत्त्वाच्या थरांची कल्पना कथेचा उतार बनते.

येथपर्यंतचे विवेचन वीस वर्षांपूर्वी निर्धास्तपणे करता आले असते. आज ते तेवढ्यावर थांबविता येत नाही. १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझीवादाची भलामण करणारी कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती, हे टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ साली जाहीरपणे मान्य केले. ज्यूंच्या संहाराविषयी शंका पसरविणाऱ्या एका नियतकालिकाशी त्यांचा संबंध होता, हेही त्याच वेळी पुढे आले. दूरच्या संस्कृतींकडे समदृष्टीने पाहणारा भाषापंडित अशी जी प्रतिमा त्यांच्या चाहत्यांच्या मनात होती, ती टिकणे शक्य नव्हते.

अशा वेळी लेखक आणि कृती वेगळ्या ठेवाव्यात, असा सल्ला आपल्याकडे सवयीने दिला जातो. कादंबरीच्या बाबतीत तो कदाचित चालतो. येथे तो तितकासा चालत नाही, कारण खेळाचे नगर हे नियमांचे बनलेले असते आणि नियम रचणाऱ्याची दृष्टी नियमांत उतरते. कुळांची ताठर श्रेणी, दर्जानुसार बदलणारे संबोधन, परक्याला घातलेली वेस, अढळ साम्राज्य: या सर्वांकडे पूर्वी मानववंशशास्त्रीय अलिप्ततेने केलेली नोंद म्हणून पाहिले गेले. आता तेच घटक दुसऱ्यांदा वाचावे लागतात. माझे स्वतःचे मत असे की, जकाल्ला अभ्यासातून वगळू नये. मात्र २०२२ साली उघड झालेले सत्य तळटीपेत न ढकलता चर्चेच्या अग्रभागी आणावे. तो खेळ आयुष्यभर खेळलेल्या माणसांनी आपल्या टेबलांवर त्या धक्क्यावरील परक्यांच्या बाजूने ज्या कथा रचल्या, त्यांवर बार्कर यांची मालकी नाही, हेही त्याच चर्चेत यावे.

४

मधल्या काळातील दोन नगरांचा उल्लेख पुरे. रॉबर्ट लिन अॅस्प्रिन यांच्या संपादनाखाली १९७९ साली 'थीव्ह्ज वर्ल्ड' हा कथासंग्रह निघाला; त्यात अनेक लेखकांनी सँक्च्युअरी या एकाच नगरावर कथा लिहिल्या. १९८१ साली 'केऑसियम' या प्रकाशनाने त्याचा नगरसंच काढला, आणि त्यात एका नव्हे तर नऊ वेगवेगळ्या खेळांच्या नियमांनुसार पात्रांची माहिती दिली. एक नगर, अनेक लेखक, अनेक व्याकरणे: भाषांतरविद्येच्या एखाद्या विद्यार्थ्याने या पेटीवर प्रबंधिका लिहावी, अशी ही सामग्री आहे.

वॉटरडीप हे कदाचित सर्वांत अधिक खेळले गेलेले नगर. कॅनडातील ग्रंथपाल एड ग्रीनवुड यांनी शाळकरी वयात लिहिलेल्या गोष्टींतून त्याचे जग उगम पावले आणि १९८७ पासून टीएसआरने ते ग्रंथरूपाने आणले. मुखवटे घालून राज्य करणारे अनामिक अधिपती, दिवसा नागरिकांचे उद्यान म्हणून वापरले जाणारे स्मशान, आणि खाणावळीच्या मधोमध असलेली एक विहीर, जिच्यातून भुयारांत उतरावयाचे. अलीकडच्या आवृत्तीत उतरण्यास एक सुवर्णनाणे आणि वर येण्यासही एक. यांतील शेवटची कल्पनाच मला अस्सल स्थलनियम वाटते. वर येण्याचे नाणे खिशात ठेवून खाली उतरावे, किंवा ते खाली कमवावे लागेल हे जाणून उतरावे, एवढ्यावरून एक संपूर्ण रात्र खेळून काढता येते. बाकीचे वॉटरडीप ज्ञानकोशासारखे आहे: उपयुक्त, अफाट, आणि बहुतांशी न वाचलेले. माँटी कुक यांचा 'टॉलस' (२००६) हा ६७२ पृष्ठांचा नगरग्रंथ याच वृत्तीचे टोक होय. त्या ग्रंथाची निर्मिती आजही वाखाणली जाते. त्यातील नगराविषयी मात्र तितक्या उत्कटतेने बोलणारे मला थोडे आढळले.

५

१९९४ साली डेव्हिड कुक यांच्या 'प्लेनस्केप' या संचातून सिजिल हे नगर आले. विश्वाच्या मध्यभागी एक अनंत उंचीचा सुळका आहे आणि त्याच्या माथ्यावर एक पोकळ कडे तरंगते. या कड्याच्या आतल्या पृष्ठभागावर हे नगर वसलेले आहे. मान वर केली की आकाशाच्या जागी समोरच्या वस्तीची छपरे दिसतात. अनंत उंचीच्या सुळक्याला माथा कसा असेल, हा प्रश्न तेथील रहिवासीही विचारतात आणि हसतात. नगराला बाहेरून वाट नाही. जावयाचे-यावयाचे ते दारांतूनच, आणि कोणतीही चौकट, मग ती कमान असो, खिडकी असो वा पिंपाचे तोंड, दुसऱ्या जगाचे दार असू शकते. अट एकच: त्या दाराची किल्ली जवळ हवी. किल्ली म्हणजे एखादी वस्तू, एखादा शब्द, एखादा हावभाव, कधी केवळ मनातील विचार.

या एका नियमाचे सामर्थ्य थोडा विचार केल्यावर ध्यानात येते. वर्णनात सहज आलेली प्रत्येक कमान संशयास्पद ठरते. खिशातील प्रत्येक क्षुद्र वस्तू कशाची तरी किल्ली असू शकते. एखादा दुःखी माणूस मनात एखादी आठवण घेऊन दारातून जातो आणि नाहीसा होतो. कथासंहितेत लेखकाला पूर्वसूचना पेरून ठेवाव्या लागतात. सिजिलमध्ये सर्वच वस्तू पूर्वसूचना असतात आणि कोणती फळास आली हे नंतर ठरते.

नगराची अधिष्ठात्री 'लेडी ऑफ पेन' ही कधीही बोलत नाही. देवांना तिने नगरात मज्जाव केला आहे, आणि तिची पूजा करणारा जिवंत राहत नाही. तिच्यासाठी खेळात कोणतेही आकडे दिलेले नाहीत, म्हणजे तिच्याशी लढता येत नाही. सत्तेचे असे मौन रंगविणे खेळाच्या माध्यमात अवघड असते, कारण खेळाडूंना प्रत्येक गोष्टीचे सामर्थ्य आकड्यांत हवे असते. तो आकडाच नाकारून कुक यांनी तिला मिथकाच्या पातळीवर नेले. तिच्या खालोखाल पंधरा पंथ नगराचा कारभार वाटून घेतात. प्रत्येक पंथ म्हणजे एक तत्त्वज्ञान, आणि प्रत्येकाकडे एक नागरी संस्था. जीवन हेच मुळी मरणोत्तर अवस्था आहे असे मानणारे प्रेतगृह सांभाळतात; विश्वाला काही अर्थ नाही असे म्हणणारे वेड्यांचे इस्पितळ चालवितात; कायद्यातच विश्वाचे रहस्य शोधणाऱ्यांकडे न्यायालय. तत्त्वज्ञान आणि नगरपालिका यांची अशी सांगड अन्यत्र क्वचितच आढळेल. शिवाय सर्व पुस्तके इंग्लंडमधील जुन्या चोरबोलीच्या शब्दांनी लिहिलेली. प्रथम वाचताना ती कृत्रिम वाटते, दहा पानांनंतर कानात बसते.

या नगरावर पुढे जे घडले त्यातून मालकीचा प्रश्न उघडा पडला. १९९७ साली टीएसआर ही संस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली. १९९८ साली 'फॅक्शन वॉर' हे साहसपुस्तक निघाले, आणि त्यात यादवीनंतर लेडीच्या आज्ञेने सर्व पंथ नगरातून बरखास्त होतात. मालिकाही तेथेच थांबली. आता अधिकृत सिजिल म्हणजे पंथविरहित सिजिल. पण पुढल्याच वर्षी, १९९९ साली, आलेल्या 'प्लेनस्केप: टॉरमेंट' या संगणकीय खेळात पंथ पूर्ववत नांदत होते, आणि असंख्य लोकांनी सिजिल प्रथम पाहिले ते याच रूपात. अनेक टेबलांवर ती यादवी कधी झालीच नाही. काहींवर ती झाली, पण वेगळ्या पंथाच्या जयाने संपली. २०२३ साली नव्या आवृत्तीचा संच आला तेव्हा पंथ बदललेल्या स्वरूपात पुन्हा नगरात होते.

मग सिजिलची प्रमाण संहिता कोणती? पाठचिकित्सेची आपली पद्धत मूळ प्रतीकडे जाण्याची. येथे मूळ प्रत आहे, तिचे कर्ते ज्ञात आहेत, प्रकाशनवर्षही निश्चित आहे. तरी तिच्या आधारे इतर रूपांना अपपाठ ठरविता येत नाही. पारंपरिक तमाशातील वगाची उपमा अधिक जवळची वाटते. वगाचे कथासूत्र ठरलेले असे. संवाद फडावर उभ्या उभ्या रचले जात, आणि आजचा प्रयोग कालच्यासारखा नसे. पुढे वगनाट्ये छापली गेली तेव्हा छापील संहिता हीच वगाची खरी संहिता आहे असे लोकनाट्याचा कोणताही जाणकार म्हणाला नाही. फरक इतकाच की वगाचे सूत्र कोणत्या कंपनीच्या मालकीचे नव्हते, आणि सिजिलचे आहे. कायद्याने एक कंपनी ज्या नगराची स्वामिनी आहे, त्या नगरात हजारो अनधिकृत इतिहास सुखेनैव नांदत आहेत. विक्रीसाठी छापण्याचा प्रश्न आला म्हणजेच ती स्वामिनी जागी होते.

६

२००२ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने नव्या जगासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीतून निवडले गेलेले कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' २००४ साली प्रकाशित झाले, आणि त्याच वर्षी बेकर व जेम्स वायट यांचा 'शार्न: सिटी ऑफ टॉवर्स' हा नगरग्रंथ. शार्नचा नियम भौतिक आहे. ज्या जागी ते उभे आहे तेथे उड्डाणाची जादू सहज साधते. म्हणून मनोरे मैलभर उंच गेले आणि हवेत चालणारी वाहने भाड्याने मिळू लागली. नगर नकाशावर पसरण्याऐवजी उभे वाढले, आणि वर्गभेदही उभा झाला. धनिक वरच्या मजल्यांवर, मधले लोक मध्ये, निर्धन तळाशी, आणि त्याखाली भट्ट्या. त्याच्याही खाली नगर बांधण्यापूर्वी तेथे नांदलेल्या गॉब्लिन साम्राज्याचे अवशेष. त्यांचे वंशज आज तळमजल्यांवर राहतात. महायुद्ध नुकतेच संपले आहे. युद्धासाठी घडविलेली, आता कायद्याने मुक्त झालेली लाकूड-लोखंडाची सजीव माणसे याच खालच्या वस्तीत काम शोधत हिंडतात.

या नगरात पात्र कोणत्या मजल्यावर राहते हे सांगितले की त्याची निम्मी कथा सांगून होते. मैलभर उंचीवरून पडणे ही येथील नित्याची भीती, आणि पडणाऱ्याला सावकाश खाली उतरविणारा ताईत ही येथील चैनीची वस्तू. वर्गाचे रूपक येथे गुरुत्वाकर्षणाच्या हाती दिलेले आहे. काही समीक्षकांना ते ढोबळ वाटेल. मला वाटते, टेबलावर बोलून रचल्या जाणाऱ्या कथेला असे ढोबळ रूपकच पेलते. सूक्ष्मता खेळाडूंनी आणावयाची असते.

७

अभ्यासपद्धतीची मुख्य अडचण आजवर अशी होती की नगराचे खरे जीवन टेबलावरील बोलण्यात असे आणि ते बोलणे हवेत विरून जाई. हाती उरत ते छापील ग्रंथ, सूत्रधारांच्या वह्या, पेन्सिलीने भरलेले नकाशे. क्वचित एखादा खेळाडू लेखक होई आणि नगर कादंबरीत उतरे. रेमंड फाइस्ट यांच्या 'मॅजिशियन' (१९८२) या कादंबरीचे जग विद्यापीठातील मित्रांच्या खेळातून आले. स्टीव्हन एरिकसन यांच्या 'मलाझान' मालिकेचेही तसेच.

२०१५ सालापासून ही स्थिती पालटली. त्या वर्षी मॅथ्यू मर्सर हे सूत्रधार असलेला 'क्रिटिकल रोल' हा खेळ इंटरनेटवरून थेट प्रक्षेपित होऊ लागला. एकेक प्रयोग तीन-चार तासांचा, आणि पहिल्या मालिकेतच असे शंभराहून अधिक प्रयोग. सर्व खेळाडू व्यवसायाने आवाजाचे अभिनेते असल्याने त्यांचा खेळ सामान्य टेबलाचा नमुना मानता येणार नाही, ही मर्यादा आहेच. तरी एखादे नगर बोलण्यातून कसे घडते याची सलग नोंद अभ्यासकाला प्रथमच उपलब्ध झाली. त्या मालिकेत एमॉन ही राजधानी आहे. खेळाडूंनी तेथे घर केले, दुकानदारांशी ओळखी केल्या, दरबारात आसने मिळविली. आणि मग एके दिवशी चार ड्रॅगनांनी ते नगर उद्ध्वस्त केले. त्या प्रयोगात खेळाडूंचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. या जगाचा पहिला ग्रंथ २०१७ साली छापून आला. त्यातील एमॉन हे ढिगारे उपसून पुन्हा उभे राहू लागलेले नगर आहे, आणि त्यातील बहुतेक नोंदींच्या मागे आधी कोणी तरी कधी तरी मोठ्याने बोललेले एखादे वाक्य आहे.